आवक क्रमांक

आमच्या घरात दोन तऱ्हेचे कागद असायचे. पपांची परिपत्रकं आणि माझी पत्रकं. परिपत्रकं बिशपऑफिसातून टपालाने यायची, जाड पांढऱ्या कागदावर, वर धर्मप्रांताचा शिक्का, उजव्या कोपऱ्यात जावक क्रमांक. पत्रकं मी आणायची, बाजारातल्या इक्बालभाईंच्या प्रेसमधून, पिवळ्या नाहीतर गुलाबी पातळ कागदावर, शाई बोटांना लागेल अशी ताजी. पपा रत्नागिरीच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे पाद्री होते. मी कॉलेजात होते आणि कॉलेजापेक्षा जास्त एका विद्यार्थी संघटनेत होते. हॉस्टेलचं पाणी, एस.टी.चा पास, परीक्षेची फी, जे हाताला लागेल त्यावर मी पत्रक काढायची. आई म्हणायची, "बापाचे कागद वरून खाली येतात, लेकीचे खालून वर जातात. न्हाणीची चूल पेटवायला मात्र एकही मिळत नाही. एक म्हणे फाइलला लागतं, दुसरं मोर्च्याला."

पाळकघर चर्चच्या मागे होतं. जांभ्या दगडाचं, बसकं, पावसाळ्यात भिंतींना हिरवी लव धरणारं. पपांचं ऑफिस म्हणजे पुढची खोली, आणि तिच्यातलं लाकडी कपाट. बाप्तिस्म्याची वही, लग्नाची वही, दफनाची वही, कमिटीचं इतिवृत्त. या सगळ्यांवर बुरशी येते म्हणून आई कपाटात कडुनिंबाचा पाला ठेवायची. त्यात एक वही माझी होती. आवक नोंदवही. पपांचं अक्षर इतकं वाईट की त्यांचं त्यांनाच लागायचं नाही, म्हणून मी सातवीत असल्यापासून ते काम माझ्याकडे आलं. शनिवारी पपा आठवड्याचं टपाल फोडायचे, मी वही उघडायची. क्रमांक, तारीख, कोणाकडून, विषय, कार्यवाही. एकेक रकाना भरायचा, शेवटी पपा शेजारी आद्याक्षरं करायचे. झालं की बेकरीतली नानकटाई. मला त्या वहीचा फार अभिमान होता. बिशपऑफिसातून रत्नागिरीला आलेला एकही कागद माझ्या हाताखालून गेल्याशिवाय राहत नाही, असं मी मैत्रिणींना सांगायची. हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्याच ते लक्षात राहिलं नाही.

पपांचा महिना ठरलेला असे. पहिला रविवार रत्नागिरी, त्या दिवशी प्रभुभोजन, म्हणजे पावाचा तुकडा आणि एकाच प्याल्यातून सगळ्यांना रसाचा घोट. दुसरा लांजा, तिथे हायवेवरच्या एका मास्तरांच्या पुढच्या खोलीत दोन कुटुंबं जमायची. तिसऱ्या रविवारी पहाटेची एस.टी. धरून दापोली, विद्यापीठातले चार-पाच विद्यार्थी आणि त्यांना जेवायला घालणाऱ्या एक प्राध्यापकीणबाई. जयगडला दीपगृहात कामाला असलेलं एकच घर होतं, तिथे जमेल तेव्हा. चांदीचा प्याला टॉवेलात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात, डबा मांडीवर. कंडक्टर विचारायचा, "पाद्रीबाबा, डब्यात काय, आंबे?" पपा म्हणायचे, "आंबे असते तर तुला दिले नसते का?"

प्याल्यातला रस आई करायची. काळ्या मनुका शनिवारी सकाळी भिजत घालायच्या, दुपारी उकळायच्या, मलमलच्या फडक्यातून पिळायच्या. घरभर तो गोड, जरा करपट वास. कुंपणापलीकडे हमीदाचाची राहायच्या. त्यांचा नवरा कुवेतला होता आणि आईला मासे साफ करायला त्यांनीच शिकवलं होतं, कारण आई नगरकडची, तिला तिसऱ्यांचे शिंपले उघडायचे कसे तेही माहीत नव्हतं. वास आला की चाची कुंपणावरून ओरडायच्या, "इतक्या मनुका उकळतेस नि शिरखुर्म्याची वाटी कदी येत नाय, ह्याला काय म्हनायचं गो?" आई एक वाटी मनुका चाचींकडे पाठवायची, तिकडून बांगडे यायचे. मनुका देवाच्या, बांगडे आमचे.

आता प्याल्याविषयी. आमच्या घराण्याला जमीन नव्हती. आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका गावचे, गावकुसाबाहेरचे. तहान लागली की विहिरीशी लांब उभं राहायचं, ओंजळ धरायची आणि कोणाला दया आली तर वरून पाणी पडायचं. आजोबांचं दृढीकरण झालं, म्हणजे बिशपांनी डोक्यावर हात ठेवून त्यांना प्रभुभोजनाला घेतलं, त्या दिवशी वेदीच्या कठड्याशी ते गुडघे टेकून बसले. त्यांच्या आधी गोऱ्या पाद्र्याची मडम, तिच्यानंतर ब्राह्मणाचे ख्रिस्ती झालेले एक मास्तर, मग आजोबा. तोच प्याला. मास्तरांचा ओठ जिथे लागला तिथे आजोबांचा ओठ लागला. आजोबा गिळायचंच विसरले, तोंडात घोट घेऊन घरी आले, असं पपा सांगायचे. दरवर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी पपा ही गोष्ट उपदेशात सांगायचे आणि दरवर्षी तिथे त्यांचा आवाज फाटायचा. मी लहानपणापासून जी काही भांडणं भांडले ती त्या एका घोटावर भांडले. संघटनेतली मुलं मला विचारायची, तू पाद्र्याची मुलगी असून आमच्यात कशी? मी म्हणायची, मी पाद्र्याची मुलगी आहे म्हणूनच तुमच्यात.

त्या वर्षी मंडळीत येशूबाई आली. नगरपालिकेत सफाई कामाला होती, नवरा वारलेला, एक मुलगी रूथ. पपांनीच दोघींना बाप्तिस्मा दिला होता. येशूबाईचं दृढीकरण झालं आणि ती पहिल्या रविवारच्या प्रभुभोजनाला कठड्याशी येऊ लागली. मोठ्याने गायची, सुरात नाही. पहाटेची झाडलोट उरकून, अंघोळ करून, केसांना खोबरेल चोपडून ती यायची, आणि सगळ्यांना सलाम करायची, आमच्या मंडळीत नमस्काराच्या जागी सलाम असतो. सगळे तिला सलाम करायचे नाहीत. आमच्या कमिटीचे सेक्रेटरी डेव्हिडसर, शाळेचे हेडमास्तर, ते तिच्या सलामाच्या वेळी नेमके घड्याळ बघायचे. तिसऱ्या महिन्यात मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. येशूबाईने घोट घेतला, प्याला तिच्या शेजारी बसलेल्या लीलाबाईंकडे, म्हणजे डेव्हिडसरांच्या बायकोकडे गेला, आणि लीलाबाईंनी पदराने प्याल्याची कड पुसली. पपांनी ते पाहिलं. पपा पुढे गेले.

चौथ्या महिन्यात प्याला कोणाच्या तोंडाला लागलाच नाही. पपा पावाचा तुकडा रसात बुडवायचे आणि पुढे धरलेल्या ओंजळीत वरून सोडायचे. सगळ्यांच्याच. ओंजळीत. वरून. माझ्या तळहातावर तो ओला लाल तुकडा पडला. घरी आल्या आल्या विचारलं, "पपा, हे बुडवणं कशाला?"

पपा कॉलर काढत होते. म्हणाले, "बिशपऑफिसचं परिपत्रक आलंय. आरोग्याचं. साथी फार आहेत म्हणे."

"हे डेव्हिडसरांचं काम. त्यांचे मेहुणे तिकडे ऑफिसात आहेत."

"असेल," पपा म्हणाले. आई शेजारी सोलकढीसाठी नारळ खवत होती. ती खवता खवता थांबली आणि म्हणाली, "वहीत बघितलंस का?" मी म्हटलं, "वहीत काय बघायचंय, पपा सांगतायत ना." आईने पुन्हा खवायला सुरुवात केली. तो खरखर आवाज अजून माझ्या कानात आहे. आईने एवढंच सांगायचं ठरवलं होतं आणि तेवढंच सांगितलं. प्याल्याची फडकी धुवायची तीच, मोरीत न धुता चाफ्याच्या बुडाशी, ते पवित्र पाणी मातीतच जायला हवं म्हणून. फडक्यांवर आता ओठ उमटणार नाहीत हे तिला माझ्या आधी कळलं होतं. पण पपांच्या विरुद्ध उभी राहील अशी ती बाई नव्हती, आणि यासाठी मी तिला फार वर्षं माफ केलं नाही.

बिशपसाहेब महिन्याभरात दृढीकरणाच्या दौऱ्यावर येणार होते. यावेळी दृढीकरण घेणाऱ्यांत रूथही होती. मी ठरवलं, पत्रक काढायचं. संघटनेत आम्हाला शिकवलं होतं : आरोप एक, पुरावा एक, मागणी एक. मथळा घातला, 'ओंजळ पुन्हा कशाला?' आरोप, धर्मप्रांताच्या कार्यालयाने आरोग्याच्या नावाखाली शिवाशिव परत आणली. मागणी, परिपत्रक मागे घ्या. पुराव्याच्या जागी, परिपत्रक क्रमांक, आणि पुढे टिंबं. मजकूर घेऊन प्रेसमध्ये गेले. इक्बालभाई चष्मा कपाळावर चढवून वाचायचे, वाचतानाच ओळी मोजायचे.

"नंबर?"

"टाकते. पपांकडे आहे."

"हे बघ बाय, नंबर असला तर ते पत्रक. नंबर नसला तर ते भांडण. आणि भांडणाला मी कागद फुकट घालवत नाय."

"भाई, परिपत्रक आहे. पपांनी सांगितलंय."

"मग काय, पाद्रीबाबांनी सांगितलं म्हणजे झालं," असं म्हणून त्यांनी खिळे जुळवायला घेतले. मजकूर पक्का करण्याआधी मी तो दुपारी जेवणानंतर पपांना दाखवला. म्हटलं, क्रमांक सांगा. पपांनी कागद घेतला, खिडकीशी नेला. फार वेळ वाचला. मग टेबलावरची लाल शाईचं बॉलपेन घेतलं. 'दृढिकरण'चं 'दृढीकरण' केलं. 'शीवाशिव'मधली दुसरी वेलांटी पहिली केली. एका ठिकाणी स्वल्पविराम काढला, एका ठिकाणी घातला. 'आजोबांच्या ओंजळीत' हे शब्द आले तिथे त्यांचं पेन थांबलं, पण तिथे शुद्धलेखनाची चूक नव्हती. कागद मला परत दिला. म्हणाले, "फाइल लांज्याला राहिली. क्रमांक नंतर बघू." मी त्यांच्या गालाचा पापा घेतला. मला वाटलं, माझा बाप माझ्या बाजूने उभा आहे, नोकरीची पर्वा न करता. असा बाप कोणाला मिळतो!

तो लाल शाईचा कागद माझ्याकडे अजून आहे. घर बदललं, गाव बदललं, पपा गेले, आई गेली. कागद आहे. वेलांट्या सगळ्या बरोबर आहेत.

दृढीकरणाची उपासना छान झाली. रूथने पांढरा फ्रॉक घातला होता, येशूबाई रडत होती आणि गातही होती. बिशपसाहेब आले म्हणून चहाला लीलाबाईंनी प्लास्टिकचे कप आणवले होते, पहिल्यांदाच. "एकदा प्यायचा नि टाकायचा, कटकट नाही," त्या सगळ्यांना सांगत होत्या. आईने सकाळपासून कोंबडी आणि वडे केले होते, शिवाय बिशपसाहेब देशावरचे म्हणून चार बाजरीच्या भाकरी. मी चर्चच्या दाराशी उभी राहून गुलाबी पत्रकं वाटली. पहिलं बिशपसाहेबांना. ते झग्यातच होते, हसून म्हणाले, "सलाम बेटी, हे काय, गाण्यांचा कार्यक्रम?"

ओट्यावर सगळे बसले. कमिटी, बिशपसाहेब, त्यांच्याबरोबर आलेले ऑफिसचे सेक्रेटरी. येशूबाई पायरीवर, कप हातात. बिशपसाहेबांनी चहा पितापिता पत्रक वाचलं आणि सेक्रेटरींकडे सरकवलं. "आपण असं काही काढलं होतं?"

सेक्रेटरींनी वाचलं. "नाही बिशपसाहेब. असा विषयच नव्हता." मग टिंबांवर बोट ठेवून मला म्हणाले, "इथे क्रमांक नाही."

"आहे," मी म्हणाले. "पपांच्या फाइलला आहे."

बिशपसाहेब पपांकडे वळले. "रेव्हरंड, आवक वही आहे ना तुमच्याकडे?"

पपा म्हणाले, "करुणा, वही आण." अगदी शनिवारच्या आवाजात.

मी आत गेले, कपाट उघडलं, कडुनिंबाचा वास आला. वही आणली आणि ओट्यावर उभी राहून त्या वर्षाची पानं उलटली. स्त्री-संघाचं शिबिर. मंडळीच्या सभासदांची यादी. पाळकांच्या बदल्या. कौलं शाकारून घेण्याबाबत. दृढीकरणाचा दौरा. सगळं माझ्या अक्षरात, एकही क्रमांक मध्ये सुटलेला नाही. त्या वहीत न आलेला कागद आलेलाच नव्हता, हे साऱ्या रत्नागिरीत एका माणसाला पक्कं माहीत असायला हवं होतं, आणि ती मी होते. पान उलटायचं संपल्यावरही मी उलटत राहिले.

"तुला कोणी सांगितलं, परिपत्रक आहे म्हणून?" बिशपसाहेबांनी विचारलं. रागावून नाही.

मी पपांकडे पाहिलं. पपा वहीकडे बघत होते. म्हणाले, "मी असं म्हटल्याचं मला आठवत नाही. काहीतरी गैरसमज झाला असेल. पोरगी हुशार आहे, पण तिकडच्या मुलांत असते. तिला सगळीकडे कट दिसतो."

डेव्हिडसर हसले. लीलाबाईंनी कोणाला तरी विचारलं, "आणखी चहा?"

माझ्या खांद्याला झोळी होती. झोळीत लाल शाईचा कागद होता. आरोप एक, पुरावा एक. हात आत घातला की झालं. मी हात आत घातला नाही. का घातला नाही, हे मला पुढे संघटनेतल्या मुलांनी विचारलं, नवऱ्याने विचारलं, आणि मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. मला वाटत होतं, पपा स्वतः बोलतील. आत्ता. हा चहा संपायच्या आत. मी त्यांना वेळ दिला. त्यांनी तो वेळ वही मिटण्यात घालवला.

"क्रमांक न बघता छापलं ही माझी चूक," मी म्हणाले. तेवढंच म्हणाले. बिशपसाहेबांनी मान हलवली आणि म्हणाले, प्याला असो की बुडवणं असो, दोन्ही पद्धती चालतात, तो पाळकांचा निर्णय. मग ते आईच्या वड्यांकडे वळले. शिवाशिव या शब्दाविषयी कोणी काहीच बोललं नाही. पत्रकात क्रमांक नव्हता, त्यामुळे आरोपही राहिला नाही. इक्बालभाई बरोबर होते.

येशूबाईला मी फाटकाशी गाठलं. रूथला तिने पुढे पाठवलं होतं. मी म्हणाले, "येशूबाई, मी तुमच्यासाठी केलं हो."

"मला इचारलंस?"

मी झोळी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"इचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. डेव्हिडमास्तर नि तुझा बाप चर्चच्या आतल्या खोलीत बोलले तवा मी तिथंच लादी पुसत व्हते. मास्तर म्हनला, आमी सगळे यायचं बंद करतो. तुझा बाप म्हनला, प्याल्याचं मी बघतो." तिने पदर खांद्यावर ओढून घेतला. "त्यांना वाटतं झाडूवाल्या बाईला कान नसतात."

"मग तुम्ही येत कशाला राहिलात?"

"मी काय तुझ्या बापाकडं येत व्हते गो?" ती म्हणाली. "ओठ नाय लागला तर नाय. पोटात तर जातो ना." आणि मग, "आज मात्र माझ्या पोरीच्या दिवसाचं तू भांडण केलंस. सगळे रूथला सोडून त्या गुलाबी कागदाकडं बघत व्हते." सलाम न करता ती गेली. ती एकटीच सगळ्यांना सलाम करायची.

पपांशी मी त्याविषयी बोलले नाही, त्यांनीही काही काढलं नाही. त्यांच्या हातून मी पुन्हा प्रभुभोजन घेतलं नाही, कधीच. त्यांनी लाल शाईने मजकूर शुद्ध का केला, याचा मी खूप विचार केलाय. कधी वाटतं, त्यांना खरंच प्याला परत हवा होता. बिशपसाहेब रागावतील, हुकूम देतील, आणि डेव्हिडसरांना तोंड द्यायचं काम वरूनच होईल. म्हणजे त्यांनी मला पुढे केलं. आणि बिशपसाहेबांनी हुकूम न देता वही मागितली, तेव्हा मला तिथेच सोडलं. हे खरं असेल तर ते खोटं बोलण्याहून वाईट. लोक म्हणतात, बापाला समजून घे, बदलीची भीती, म्हातारी आई गावाकडे, तुझं शिक्षण. समजून घेतलंय मी. समजल्याने माफ होतं असं मला कोणी दाखवून दिलेलं नाही.

पुढच्या शनिवारी टपाल आलं. पपांनी नेहमीसारखं कात्रीने पाकीट कापलं, कागद उलगडला, वाचला आणि माझ्यासमोर ठेवला. जाड पांढरा कागद, वर शिक्का, कोपऱ्यात जावक क्रमांक. सर्व पाळकांस. एक, चर्चच्या आवारात पाळकांच्या लेखी परवानगीवाचून कोणतंही पत्रक वाटलं जाऊ नये. दोन, आरोग्याच्या दृष्टीने प्रभुभोजनात पाव रसात बुडवून देण्याची पद्धत अवलंबण्यास हरकत नाही.

आई दारात उभी होती. तिच्या हातात नानकटाईची बशी होती.

मी वही उघडली. क्रमांक घातला. तारीख घातली. कोणाकडून, बिशप कार्यालय. विषय, प्रभुभोजनाची पद्धत. शेवटच्या रकान्यात, कार्यवाहीच्या, मी स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'पत्र येण्यापूर्वीच झाली.' आणि वही पपांकडे सरकवली.

पपांनी वाचलं. फार वेळ वाचलं. मग नेहमीच्या जागी आद्याक्षरं केली.